उपटलेल्या रुळांचे मास्तर

मास्तर रविवारी ख्रिस्ती देवळात दिसले नाहीत, की पाळकसाहेब प्रवचनात हरवलेल्या मेंढराचा दाखला काढत. मग सगळी मंडळी हळूच बाईंकडे बघत. बाई म्हणजे मास्तरांची बायको. त्या मान ताठ ठेवून गीतांच्या पुस्तकात बघत राहत आणि घरी आल्यावर माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहून सांगत, "आज पुन्हा मेंढरू निघालं. ह्या माणसापायी मलाच कळपात तोंड दाखवायची चोरी झालीय."

मी त्यांचा भाडेकरू. लढाईचे दिवस होते, नगरात जिकडेतिकडे लष्कर, आणि एकट्या माणसाला खोली द्यायला कोणी राजी नसे. मी नुकताच शाळेत गणित शिकवायला लागलो होतो. मास्तर त्याच शाळेत भूगोल शिकवत. शिक्षकांच्या खोलीत एकदा त्यांनी माझ्या पायांकडे बघत विचारलं, "चालता का?"

मला ते 'चालतं का?' असं ऐकू आलं, वाटलं, विटाळाचं विचारताहेत. मी म्हटलं, "मला काही नाही, मी ख्रिस्ती माणसाच्या घरी जेवतोसुद्धा."

"जेवायचं मला ठाऊक नाही, ते बाई बघतात. चालता का? पायांनी?"

"चालतो की."

"मग या आमच्याकडे राहायला. मागची खोली रिकामी आहे."

भाड्याचं बोलणं पुढे बाईंनी केलं. मास्तरांच्या लेखी व्यवहार तिथेच पुरा झाला होता.

चालायचं कुठे, ते पहिल्याच रविवारी कळलं. नगरहून पूर्वेच्या कोरड्या मुलखात पूर्वी एक छोटी रेल्वे जायची, मोठ्या लाइनीचा फाटा. कुठल्याशा दुष्काळात लोकांच्या हाताला काम म्हणून तिचा भराव घातलेला. गाडी इतकी निवांत धावे, की शेळ्या विकायला नेणारे लोक शेळ्यांना डब्यात न चढवता गाडीबरोबर चालवत नेत, असं म्हणतात. लढाई लागली, सरकारला लोखंड हवं झालं, आणि एका उन्हाळ्यात ह्या फाट्याचे रूळ, पूल, सिग्नल सगळं उपटून नेलं. मागे राहिला मातीचा भराव आणि कडेचे दगड. मास्तर त्या दगडांच्या शोधात होते.

दगड नाना तऱ्हेचे असत. मैलाचा आकडा कोरलेला दगड. पुढे चढ आहे की उतार ते सांगणारा, दोन हात पसरून उभा असलेला खांब. इंजिनवाल्याने शिट्टी द्यावी म्हणून रोवलेली पाटी. आणि रेल्वेची जमीन कुठे संपते ते दाखवणारे हद्दीचे दगड, डोक्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेले. ह्यातलं काय उरलंय आणि कुठे, ते हुडकायचं, हात लावून बघायचं आणि परत यायचं. घरी काही आणायचं नाही. "जागेवरून हलवला की तो नुसता दगड," मास्तर म्हणत. कागदावर टिपून ठेवायलाही ते तयार नसत. "लिहून ठेवलं की पुन्हा जायला निमित्त उरत नाही."

"पण ह्याचा उपयोग काय?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"तुमच्या बीजगणिताचा काय?"

मी चालू लागलो.

त्यांचा थाट ठरलेला. अंगात खाकी कोट, डोक्यावर साहेबी उन्हाची टोपी, खांद्याला झोळी. झोळीत काथ्याचा कुंचा, पाण्याची बाटली, बाईंनी कुरकुरत बांधून दिलेली भाकरी आणि शाळेतला खडू. दगड सापडला की आधी धुवायचा, वाळू द्यायचा, मग खडू आडवा धरून त्यावर घासायचा. दगड पांढरा होई आणि कोरलेली अक्षरं काळी उठून दिसत. शाळेत खडू फार संपतो म्हणून हेडमास्तरांनी चौकशी केली तेव्हा मास्तर म्हणाले, "भूगोलाला लागतो." ते खोटं नव्हतं. मास्तर खोटं बोलतच नसत. हा त्यांचा गुण शाळेत सगळ्यांना माहीत होता आणि फारसा कोणाला आवडत नव्हता.

वर्गातही तेच. जगाचा नकाशा टांगून ते त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. "टेम्स नदी मी पाहिलेली नाही. पाहणारे सांगतात, ती आहे. आपण विश्वास ठेवू." झाली टेम्स. मग सीना नदीवर आले, की तास पुरायचा नाही. एकदा इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी एका पोराला विचारलं, मुंबई कुठल्या दिशेला आहे. पोरगं उभं राहून नम्रपणे म्हणालं, "साहेब, आमच्या मास्तरांनी पाहिलेली नाही."

शिट्टीच्या पाटीचा मात्र मला फार ताप झाला. पाटी दिसली, की मास्तर थांबत, दोन बोटं तोंडात घालत आणि अशी शिट्टी काढत, की कानठळ्या बसाव्यात. मी म्हटलं, "अहो, गाडी कुठाय?"

"गाडी नेली. नियम कुठे नेलाय?"

पहिल्यांदा शिट्टी वाजली तेव्हा शेजारच्या माळावरच्या शेळ्या चौफेर उधळल्या. राखणारा म्हातारा काठी टेकत आला, आमच्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "गाडी मेली, आन् शिट्टी आमच्या उरावर ठिवून गेली." त्या शेळ्या गोळा करण्यात आमची दुपार गेली. मास्तर भूगोलातले असूनही त्यांना शेळ्यांच्या दिशा कळत नव्हत्या.

एका वाडीच्या शिवेवर मैलाचा एक दगड म्हसोबा झाला होता. रूळ गेल्यावर तो एकटाच उभा राहिलेला, कोणीतरी शेंदूर फासला, आणि आम्ही पोचेपर्यंत शेंदराचा थर बोटभर चढला होता. वाडीतला एक म्हातारा त्याची दिवाबत्ती बघे. मास्तरांना आकडा वाचायचा होता.

"देवाला नंबर नसतो, मास्तर," म्हातारा म्हणाला.

"ह्याला आहे. पाठीवर आहे."

"मंग म्होरून पाया पडा की. पाठ कशाला बघायची देवाची?"

"आंघोळ घालतो त्याला. पाठीपुरती."

म्हातारा विचारात पडला. देवाला आंघोळ घालण्यात वावगं काही नव्हतं. "पर नवसाबिगर आंगूळ न्हाई," तो शेवटी म्हणाला. "नारळ आना."

पुढल्या रविवारी मास्तर खरोखर नारळ घेऊन गेले. रीतसर फोडला, पाणी शिंपडलं, मग दगडामागे बसून कुंच्याने पाठ घासली आणि खडू फिरवला. आकडा स्वच्छ उमटला. म्हाताऱ्याने येऊन पाहिलं आणि हात जोडले. आपल्या देवाच्या पाठीवर इंग्रजी लिहिलेलं आहे, ह्याचा त्याला अभिमानच वाटला असावा.

ही बातमी पाळकसाहेबांपर्यंत कोणी पोचवली ते कळलं नाही. दोन-चार दिवसांतच ते संध्याकाळी घरी आले. बाईंनी त्यांना जेवायला बसवलं. मास्तर समोर, मी कडेला.

"मास्तर, तुम्ही मूर्तीपुढे नारळ फोडलात, असं कानावर आलंय."

"मूर्तीपुढे नाही, साहेब. मैलाच्या दगडापुढे."

"पण नारळ फोडलात?"

"त्याशिवाय आकडा दिसत नव्हता."

"आणि त्या नारळाचं काय केलंत?"

ह्याला उत्तर आतून बाईंनी दिलं. "आत्ता तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलीत ना, ती चटणी."

पाळकसाहेबांचा हातातला घास तसाच राहिला. पण मनाने माणूस भला होता. जरा वेळाने त्यांनी तो खाल्ला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पुढल्या रविवारी मेंढराला मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ मिळाला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दगड नाहीसे व्हायला लागले.

आधी बाभळीखालचा हद्दीचा दगड दिसेना. मग ओढ्याजवळचा. मग नुसते खड्डे दिसू लागले, ताजी माती भरलेले. वाटेत म्हसोबाच्याच वाडीतल्या रंभाजी नावाच्या शेतकऱ्याची विहीर होती. आम्ही तिथे भाकरी खायचो आणि त्याची बायको आम्हाला ताक द्यायची. एके दिवशी तिथला दगडही गेला.

"रंभाजी, इथला दगड कुठाय?"

"कंचा दगड?"

"इथला. डोक्यावर अक्षरं असलेला."

"इथं कवाच दगड न्हवता, मास्तर."

"मागल्या खेपेला मी त्याला टेकून तुझं ताक प्यालो."

"ताक हुतं. दगड न्हवता."

रंभाजीने खाली बघितलं. तेव्हा त्याची बायको झाडाआडून पुढे आली. "सांगून टाका की त्यास्नी. रोज रोज काय लपवायचं?" आणि पुढचं तीच सांगू लागली. "मास्तर, तुमी येता, दगड धुता, त्याला पांढरं फासता आन् जाता. तुमच्या मागनं कोन येनार, ते आमाला दिसतंय. ही जमीन आमच्या सासऱ्याची हुती. रेल्वेनं घेतली. रूळ गेल्यावर आमी तिच्यात बाजरी केली. लई बरी आली. आता तुमच्या खडूनं ती जायाची."

"मी सरकारचा माणूस दिसतो तुम्हाला?"

"टोपी तर तशीच हाय," रंभाजी म्हणाला.

मास्तर इतके दुखावलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी शपथेवर सांगितलं, मी कोणाला काही सांगणार नाही, जमीन खुशाल पिकवा, पण दगड जिथल्या तिथे राहू द्या. रंभाजी "व्हय व्हय" म्हणाला. पुढल्या खेपेला मास्तर टोपी घरी ठेवून डोक्याला पंचा गुंडाळून गेले. उपयोग झाला नाही. ज्या बाजूला आम्ही जाऊ त्या बाजूचे दगड आधीच उठलेले. कोणी गंजीखाली ढकलले, कोणी गोठ्यात पुरले. मास्तरांच्या हिंडण्यानेच दगड संपत होते, आणि हे त्यांना कळतही होतं, पण रविवार आला की पाय राहत नसत. भरावावर एखाद्या जागी थांबून ते नुसते म्हणत, "इथे होता." मग पुढे. एकट्या म्हसोबाला कोणी हात लावला नव्हता.

लढाई संपली आणि व्हायचं ते झालं. फाट्याची जमीन सरकार परत ताब्यात घेणार अशी बोलवा उठली. कोणी म्हणे लिलाव, कोणी म्हणे पुन्हा रूळ. मोजणीचे साहेब नगरात येऊन राहिले. त्यांच्याकडे जुना नकाशा होता, त्यावर सगळे दगड दाखवलेले होते, फक्त जमिनीवर एक सापडत नव्हता. मोजणीची साखळी कुठून धरायची, तेच कळेना. आमच्या हेडमास्तरांची आणि त्यांची कुठेतरी चहावर गाठ पडली. हेडमास्तर अभिमानाने म्हणाले, "आमच्या शाळेत एक गृहस्थ आहेत. त्यांना एकूण एक दगड तोंडपाठ आहे."

मास्तरांना निरोप आला, उद्या सकाळी जीप येईल.

त्या संध्याकाळी मास्तर बूट पुसत बसले होते. बाई तांदूळ निवडत होत्या.

"काय सांगणार आहात?" बाईंनी विचारलं.

"विचारतील ते."

"त्यांना काय विचारायचंय, ते साऱ्या नगराला ठाऊक आहे."

मास्तर बूट पुसत राहिले. बाईंनी सूप खाली ठेवलं. "तुम्ही कधी खोटं बोलत नाही, एवढ्यावर मी तुमचे बाकीचे सगळे गुण सोसले. एवढंच सांगते. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

हा सल्ला कुठल्या बाजूचा होता, ते मला समजलं नाही. मास्तरांनाही समजलं असेल असं वाटत नाही.

सकाळी जीपमधून निघालो. मास्तरांनी मला बरोबर घेतलं होतं. साहेब वयाने तरुण, बोलायला गोड. वाटेत ते म्हणाले, "मला एकच दगड दाखवा, मास्तर. एक सापडला की नकाशावरून बाकीच्या जागा आम्ही काढू. आणि दगड सगळे नवे घडवून बसवू, जिथल्या तिथे. अक्षरंसुद्धा तशीच. तुमच्यासारखा दर्दी माणूस मिळाला, मी तर म्हणतो हे काम तुमच्याच देखरेखीखाली व्हावं."

जिथल्या तिथे, अक्षरांसकट. दुसरं मास्तरांना ह्या जगात काही नको होतं.

भरावावर वाडी लोटली होती. रंभाजी, त्याची बायको, पोरंबाळं. सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते. ते जीपमधून उतरले, डोक्यावर ती साहेबी टोपी. मला त्या घडीला तिचा राग आला.

"हं, मास्तर," साहेब म्हणाले. "कुठून सुरुवात करायची?"

मास्तर भराव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, "इथे दगड नाहीत, साहेब."

"आता नसतील. कुठे होते, ते सांगा."

"मी कधी पाहिले नाहीत."

साहेबांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "हेडमास्तर तर म्हणाले, तुम्हाला पाठ आहेत."

"हेडमास्तरांना मी बढाया मारतो. नोकरीत माणसाला काहीतरी सांगावं लागतं."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. पाच-पन्नास पावलांवर म्हसोबा उभा होता, शेंदराने लालभडक. त्यांची नजर तिथे अडकली. "तो दगड जरा घडीव दिसतो," ते म्हणाले आणि तिकडे चालू लागले. दिवाबत्ती बघणारा म्हातारा आडवा जायला निघाला. देवाच्या पाठीवर काय लिहिलंय, ते तिथे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी नुसतं मागे जाऊन शेंदूर खरवडला असता तरी पुरे होतं.

"तो म्हसोबा आहे," मास्तर मागून म्हणाले.

साहेब थांबले. "तुम्ही ख्रिस्ती ना, मास्तर?"

"हो."

"मग तुम्हाला कसं ठाऊक?"

"नवस केला होता. नारळ फोडलाय मी त्याच्यापुढे. आमच्या पाळकसाहेबांना विचारा, त्यांनी चटणी खाल्लीय."

साहेब हसू लागले. ख्रिस्ती मास्तर देवळातल्या वडीलधाऱ्यांची साक्ष काढून म्हसोबाला नवस केल्याचं सांगतोय, म्हटल्यावर त्या दगडाबद्दल शंका कोण घेणार? त्यांनी लांबूनच त्याला हात जोडले आणि परत आले. "पण मग दर रविवारी तुम्ही एवढ्या उन्हात इथे येता कशाला?"

"घरी बायकोचा फार त्रास आहे," मास्तर म्हणाले.

तेव्हा भरावावरचे सगळे पुरुष एकदम हसले. साहेबही. हसली नाही ती रंभाजीची बायको. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे डोळे भरून आले होते.

साहेबांनी वर काय लिहून कळवलं, देव जाणे. मी नगरात होतो तोवर तरी पुन्हा साखळी घेऊन कोणी आलं नाही, आणि रेल्वेच्या पट्टीत बाजरी होत राहिली.

शाळेत मात्र मास्तरांचे हाल झाले. हेडमास्तरांना साहेबांपुढे खाली बघावं लागलं होतं, त्याचा राग त्यांनी सगळ्यांदेखत काढला. "म्हणजे इतकी वर्षं नुसत्या थापा?" मास्तर म्हणाले, "हो." शिक्षकांच्या खोलीत मग रोज कोणी ना कोणी विचारी, काय मास्तर, आज कुठला मैल सापडला? मी एकदा न राहवून तोंड उघडलं, तर मास्तरांनी माझा दंड दाबून मला थांबवलं. आमच्यापैकी कोणी त्यांना पूर्वी शहाणं म्हटलं नव्हतं, पण खोटारडं कोणीच म्हटलं नव्हतं. आता पोरंही म्हणू लागली.

'बायकोचा त्रास' बाईंना मीच सांगितला. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. त्यांनी ऐकून घेतलं. रात्री जेवताना मास्तरांच्या पानात न मागता भात वाढला आणि म्हणाल्या, "त्रास अजून थोडा वाढू का?"

"वाढा," मास्तर म्हणाले.

सुगी झाल्यावर एका बाजारच्या दिवशी सकाळी दारात बैलगाडी येऊन थांबली. वर कडबा रचलेला. रंभाजीने कडबा बाजूला केला. खाली दगड होते, सगळ्या वाडीने लपवलेले, गोळा करून आणलेले. तो घामाघूम होऊन एकेक उतरवू लागला.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचे हायेत, मास्तर. आमाला ठिवायचं भ्या वाटतंय, आन् फोडायला कुनाचा हात हुईना. वाडीनं ठरवलं, तुमाला द्यायचे. तुमाला त्येंची लई आवड."

मास्तर अंगणात उभे राहिले. त्यांचं 'जागेवरून हलवला की नुसता दगड' मला ठाऊक होतं, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. रंभाजी मात्र आनंदाने बघत होता. मास्तर पुढे झाले आणि एकेका दगडावर हात ठेवू लागले. "हा ओढ्याजवळचा. हा बाभळीचा. हा तुझ्या विहिरीवरचा, ह्याचा कोपरा उडालाय, आधी नव्हता उडालेला."

"बैलानं पाडला," रंभाजी ओशाळून म्हणाला.

"असू दे. बस. चहा घेऊन जा."

तो गेल्यावर मी हळूच म्हटलं, "आता तरी हेडमास्तरांना आणून दाखवा. आपोआप तोंडं बंद होतील."

"काय दाखवू? इथे दगड नाहीत, असं मी सांगून आलोय."

"मग हे काय आहे?"

मास्तरांनी घराकडे पाहिलं. जोतं उंच होतं, आणि हल्ली बाईंचे गुडघे दुखायचे. चढताना त्या दाराच्या चौकटीला धरून वर येत. "पायऱ्या," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. त्याने दगड उलटसुलट करून पाहिले आणि खूश झाला. "अक्षरांची बाजू वर घेतो, मास्तर. घडीव हाय. दारात शोभा यील."

"ती बाजू खाली."

"अवं, कोरीव काम मातीत कोन घालतं?"

"मी," मास्तर म्हणाले, आणि शेवटचा दगड बसेपर्यंत तिथून हलले नाहीत. प्रत्येक दगड उलटा ठेवण्याआधी ते खाली वाकून त्यावरची अक्षरं बोटाने पुसत.

नाताळात फराळाला हेडमास्तर आले. राग निवला होता. नव्या पायऱ्या चढता चढता मध्येच थांबले, चपलेने दगड दाबून बघितला आणि म्हणाले, "काम पक्कं झालंय हो. दगड कुठला?"

"इकडचाच," मास्तर म्हणाले. "सांभाळून या, वरची जरा उंच आहे."